मिडवाइफ व्हायचंय? कॉलेजच्या इमारतीआधी लेबर रूम बघा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाची पुतणी असते, कुणाची शेजारीण. प्रश्न बहुतेक एकच: “ताई, पोरीला बाळंतपणाचंच काम करायचंय, सगळं नर्सिंग नको. त्याचा वेगळा कोर्स कुठं असतो?”

असा कोर्स आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये शाळा संपवून मुलगी थेट तीन वर्षांच्या मिडवाइफरीच्या पदवीला जाते, तिला आधी नर्स व्हावं लागत नाही. आपल्याकडे मिडवाइफ नर्सच्या पोटात दडलेली आहे. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा बीएस्सी नर्सिंग करून राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवलं की नावापुढे दोन बिरुदं लागतात, आरएन आणि आरएम. आरएन म्हणजे नोंदणीकृत नर्स, आरएम म्हणजे नोंदणीकृत मिडवाइफ. हे बिरुद सगळ्यांनाच मिळतं. रात्री अडीचला एकटीने बाळंतपण निभावता येईल अशा मात्र त्यातल्या मोजक्याच असतात. हा फरक कॉलेजच्या वर्गात पडत नाही, लेबर रूममध्ये किती तास उभं राहिलात त्यावर पडतो. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर मी तुम्हाला लेबर रूमकडेच ढकलत राहणार आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ

सुईण गावात पिढ्यान्‌पिढ्या होतीच. तिच्या हाताला अनुभव होता, पण हाताशी औषध नव्हतं आणि नाव कुठल्या रजिस्टरला नव्हतं. डुला म्हणजे बाळंतिणीला धीर देणारी, पाठ चोळणारी, श्वासाची लय सांभाळायला लावणारी सोबतीण. काम चांगलं आहे, शहरांत त्याला पैसेही मिळतात, पण तपासणी करणं, इंजेक्शन देणं, बाळ हातात घेणं हे तिचं काम नाही. मिडवाइफ म्हणजे परवाना असलेली व्यक्ती. गरोदरपणाची तपासणी, नॉर्मल बाळंतपण, त्यानंतरचे सहा आठवडे, बाळाची पहिली काळजी हे सगळं ती करते आणि काही बिघडतंय असं दिसलं की वेळेत डॉक्टरकडे पाठवते. आठवड्याभराचा ऑनलाइन कोर्स करून मिडवाइफ होता येतं असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला फार तर डुलाचं प्रमाणपत्र विकतोय.

पायरी पहिली : फॉर्म भरण्याआधी एक दिवस घालवा

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तुमच्या वस्तीतल्या आशाताईला आधी सांगून ठेवलंत तर ती तिथल्या सिस्टरशी ओळख करून देईल. लेबर रूममध्ये कुणी घेणार नाही, आणि घेऊही नये. पण बाहेरच्या बाकावर बसून चार तासांत बरंच कळतं. एकेका बाईचं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, पोटाची तपासणी, आणि मध्येच एखादी सासू, जिला सोनोग्राफीत “काय आहे” ते ऐकायचं असतं. त्या सासूला न दुखावता, न घाबरता “ते सांगणं गुन्हा आहे” म्हणून गप्प करणं हेही याच नोकरीत येतं.

रक्त बघून चक्कर येते म्हणून मुली घाबरतात. ती भीती आठवड्याभरात जाते. जड जातं ते वाट बघणं. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालतात आणि त्यातले बहुतेक तास तुम्हाला काहीच करायचं नसतं, फक्त शेजारी असायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. ज्यांना सतत काहीतरी करत राहायची खाज असते, त्यांच्या हातून नको तेव्हा नको तो हस्तक्षेप होतो. स्वतःला हे विचारून बघा.

पायरी दुसरी : तीन दरवाजे

एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स-मिडवाइफ, हा २ वर्षांचा कोर्स, फक्त मुलींसाठी. बारावी कुठल्याही शाखेची चालते. वय १७ ते ३५. दुसऱ्या वर्षी मिडवाइफरी मुख्य विषय म्हणून येतो आणि शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. लवकर कमवायचं असेल, गावाजवळ राहायचं असेल तर हा रस्ता बरा. उपकेंद्राची सिस्टर होते ती यातूनच.

जीएनएम ३ वर्षांचा. बारावीला विज्ञान असलेलं बरं, पण कला-वाणिज्यवाल्यांनाही दार उघडं असतं. बारावीत आणि इंग्रजीत ४० टक्के लागतात. एएनएम झालेल्या मुलीही पुढे याला येऊ शकतात. मी तशीच आले, आणि वर्गातल्या इतर मुली जेव्हा पोट तपासताना बाळाचं डोकं कुठंय ते शोधत होत्या तेव्हा उपकेंद्रातली माझी वर्षं कामी आली.

बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं. बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या वर्गाला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४०. महाराष्ट्रात यासाठी सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. विज्ञानाचे तीन विषय, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड असे तिचे भाग. परीक्षा आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एएनएम आणि जीएनएम मात्र राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे. प्रवेशाचे नियम वर्षागणिक थोडेफार हलतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या ताईने सांगितलेल्या तारखांवर विसंबू नका, चालू वर्षाची माहिती पुस्तिका स्वतः वाचा.

कुठला निवडायचा? घरची परिस्थिती परवानगी देत असेल आणि बारावीला जीवशास्त्र असेल तर बीएस्सी. पुढे शिकवायचं असो, परदेशी जायचं असो, केंद्राच्या नोकरीचा अर्ज असो, पदवी कुठेच अडत नाही. पण चांगल्या जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं जीएनएम आणि रिकाम्या खाटांच्या हॉस्पिटलचं बीएस्सी यांत निवडायचं झालं तर मी डोळे मिटून पहिलं घेईन. मुलग्यांना जीएनएम, बीएस्सी दोन्ही खुलं आहे, मिडवाइफरीचा विषयही त्यांना शिकावाच लागतो. मात्र लेबर रूममध्ये नेमणूक मिळणं त्यांना प्रत्यक्षात अवघड जातं, हे आधीच माहीत असू द्या.

पायरी तिसरी : कॉलेज निवडताना गणित करा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक मुली इथेच फसतात.

नर्सिंगच्या विद्यार्थिनीने प्रशिक्षणात स्वतःच्या हाताने २० नॉर्मल बाळंतपणं करायची असतात. त्याखेरीज गरोदर बायांच्या तपासण्या, बाळंतपणानंतरच्या भेटी, टाके घालणं. हे सगळं एका वहीत भरायचं, तिला आम्ही केस बुक म्हणतो. आता हिशोब बघा. वर्गात ६० मुली. प्रत्येकीच्या २० केसेस म्हणजे १,२०० बाळंतपणं. कॉलेजच्या स्वतःच्या हॉस्पिटलात महिन्याला ३० बाळंतपणं होत असतील तर वर्षाची झाली ३६०, त्यातलीही बरीचशी सिझेरियन. मग उरलेल्या केसेस येतात कुठून? एक तर कॉलेज तुम्हाला जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात पाठवतं, जिथे आणखी चार कॉलेजांच्या मुली रांगेत उभ्या असतात. नाही तर केस बुक होस्टेलवर बसून भरली जाते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या जीएनएमच्या वेळी एका बाळंतपणाभोवती आम्ही पाच जणी उभ्या असायचो. एकीने बाळ धरलं, एकीने नाळ कापली, एकीने बाळ पुसलं, आणि संध्याकाळी ती केस पाचही वह्यांत “मी केली” म्हणून उतरली. मला पहिलं बाळंतपण खऱ्या अर्थाने एकटीला मिळालं ते नाइट ड्यूटी मागून घेतली तेव्हा. रात्री कॉलेजच्या बस नसतात, गर्दी नसते, आणि इन्चार्ज सिस्टरला हाताशी कुणीतरी हवंच असतं.

तेव्हा प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन हे विचारा. संस्थेचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, आणि तिथे महिन्याला नॉर्मल बाळंतपणं किती? बाहेर पाठवता तर कुठल्या सरकारी रुग्णालयात, आणि त्याचा करार दाखवता का? मुलींना रात्रपाळी मिळते का? ऑफिसातला माणूस “सगळं व्यवस्थित आहे हो” एवढंच म्हणाला तर समजून जा. त्यापेक्षा गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुली भेटतात, त्यांना विचारा: “तुझ्या हाताने किती झाल्या?” त्या खरं सांगतात.

दुसरा सापळा मान्यतेचा. गावोगावच्या फ्लेक्सवर “नर्सिंग कोर्स, १०० टक्के नोकरी” असं असतं. आत सहा महिन्यांचा, वर्षाचा बेडसाइड असिस्टंट किंवा केअर असिस्टंट असला काहीतरी कोर्स निघतो. ते कामही कामच आहे, पण त्यावर कौन्सिलची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय नर्स नाही, मिडवाइफ तर नाहीच. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव, कोर्सचं नाव आणि त्या वर्षाच्या जागा, तिन्ही जुळतात का ते बघितल्याशिवाय एक रुपया भरू नका. एएनएमची मान्यता असलेली संस्था जीएनएमचेही प्रवेश घेते, असं होतं. परराज्यातल्या “उपस्थिती लागणार नाही” वाल्या कॉलेजांबद्दल काही लिहायची गरज नाही. न जाता बाळंतपण शिकता येत असतं तर बाबालोकांनीही दुकानं मांडली असती.

पैसे

सरकारी कॉलेजातली फी खासगीच्या मानाने नगण्य, पण जागा थोड्या. खासगीत दाखल व्हायचं तर शिष्यवृत्ती आणि फी सवलत यांची कागदपत्रं बारावीच्या परीक्षेआधीच गोळा करायला लागा: अधिवास, उत्पन्न, जात व जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर. जात वैधतेला सगळ्यात वेळ लागतो. २०२४ च्या जुलैत राज्याने वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, पण ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की ती हातची जाते. त्यामुळे एजंट “डायरेक्ट ॲडमिशन करून देतो” म्हणाला तर आधी विचारा, कुठल्या कोट्यातून?

पायरी चौथी : शिकताना हात तयार करा

वर्गातलं वर्गात शिकवतील. हाताचं मी सांगते.

सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या. मोबाइल नको, हात हातमोज्यात असतात. कळा मोजायच्या त्या बाईच्या चेहऱ्यावरून नाही, पोटावर तळहात ठेवून. हात शांत ठेवला की कळतं, तिने कण्हण्याआधीच पोट कडक व्हायला लागतं. आमच्या इन्चार्ज सिस्टर दहा-दहा मिनिटं हात ठेवून बसवायच्या. “१० मिनिटांत किती, एकेक किती सेकंद, आणि मधे पोट पूर्ण सैल पडतंय का? तिसरं विसरलीस तर पहिल्या दोनाचा उपयोग नाही.” मधे पोट सैल पडतच नसेल तर बाळाला रक्त पोचत नाहीये. हे मॉनिटरच्या कागदावर नंतर दिसतं, हाताला आधी कळतं.

पार्टोग्राफ भरायला शिका, आणि बाळंतपण चालू असताना भरा. पिशवीचं तोंड किती उघडलं, बाळाचे ठोके, कळा, बीपी हे सगळं एका आलेखावर येतं. ठोके मिनिटाला ११० ते १६० मध्ये हवेत. कित्येक ठिकाणी हा आलेख बाळंतपण झाल्यावर सुंदर अक्षरात “काढला” जातो, रांगोळीसारखा. त्याचा बाईला काडीचाही उपयोग नाही. त्याचं कामच मुळी हे, की रेष चुकीच्या बाजूला वळायला लागली की तुम्ही गाडी बोलवायची.

बाळ बाहेर आलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, आणि बाई नेमकी तेव्हाच धोक्यात असते. पोटात दुसरं बाळ नाही ना हे हाताने बघून, मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत. ते फ्रीजमध्ये ठेवलेलं असावं. उन्हाळ्यात खिडकीतल्या ट्रेमध्ये पडलेल्या ॲम्प्यूलवर भरवसा ठेवू नका. मग कळ आल्यावर एक हात पोटावर ठेवून नाळ अलगद, सावकाश ओढायची. हिसका द्यायचा नाही, कधीच नाही. वार पडली की पिशवी नारळासारखी टणक लागली पाहिजे. मऊ लागली तर चोळा, आणि तोंडाने मदत बोलवा. अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव, पण चादरीत आणि बादलीत मुरलेलं अर्धा लिटर डोळ्याला पावशेरच दिसतं. म्हणून अंदाज नेहमी वरचा धरायचा.

आणि वार बघायला शिका. पडली की टाकून दिली, असं नाही. ट्रेमध्ये दिव्याखाली पसरायची, आईकडची बाजू वर. मांसल गाद्यांसारखे तिचे भाग असतात, ते जुळवल्यासारखे जवळ आणून बघायचे की मधे एखादा खड्डा तर नाही. मग उलटी करून पडदे. एकदा माझ्या डोळ्यांदेखत शेंगदाण्याएवढी जागा रिकामी दिसली. सगळ्या म्हणाल्या ठीक आहे, फाटलं असेल. सिस्टरने बाईला खाली नेऊ दिलं नाही, डॉक्टरांना बोलावलं. तुकडा आतच होता. नातेवाईक बाहेर पेढे वाटत होते, त्यांना काही कळलंही नाही.

बाळाचं पहिलं मिनिट वेगळं शिका. कोरडं पुसायचं, पाठ चोळायची, आणि रडत-श्वास घेत नसेल तर त्या एका मिनिटाच्या आत अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आणि मास्क. त्यासाठी बॅग आधीच तपासून वॉर्मरजवळ ठेवलेली हवी. प्रत्येक पाळीला पोचल्यावर पहिलं काम म्हणून मी आजही तळहातावर बॅग दाबून बघते. रबराचा मास्क फाटलेला आहे हे बाळ निळं पडल्यावर कळून उपयोग काय?

बोलणंही हाताइतकंच शिकायचं असतं. लेबर रूममध्ये बायांवर ओरडणं, टोमणे मारणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नवी मुलगी सहा महिन्यांत तशीच बोलायला लागते. “आधी कळलं नव्हतं का?” हे वाक्य तुमच्या तोंडून पहिल्यांदा निघेल त्या दिवशी थांबा. २०१७ पासूनच्या लक्ष्य कार्यक्रमात लेबर रूमच्या दर्जात सन्मानाची वागणूक मोजली जाते, बाईसोबत तिची आई किंवा बहीण आत असू द्यावी असंही आहे. विद्यार्थिनी म्हणून तुम्ही नियम बदलू शकत नाही. पडदा ओढू शकता, तपासण्याआधी “ताई, आता तपासते हं” एवढं म्हणू शकता.

हेपॅटायटिस बी चे तीन डोस पहिल्या वर्षीच घ्या. सुई टोचली तर लाजून लपवू नका. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी.

पायरी पाचवी : नोंदणी

निकाल लागला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. त्याबरोबर देशपातळीवरच्या नोंदवहीतला युनिक क्रमांकही मिळतो. दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे, तास भरावे लागतात. ते शेवटच्या महिन्यात गोळा करायला गेलात तर वधूवर मेळाव्यासारखी धावपळ होते. दुसऱ्या राज्यात नोकरी लागली तर तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी वर्ग करून घ्यावी लागते.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घेण्यासाठी तो आहे. मला त्यातलं आवडलं ते हे, की मिडवाइफरी हा शब्द कायद्याच्या नावातच नर्सिंगच्या शेजारी उभा आहे, पोटात नाही.

पायरी सहावी : पहिली दोन वर्षं कुठं काढायची

पगार बघून पहिली नोकरी घेऊ नका असं मी म्हणत नाही. घर चालवायचं असतं. पण निवड असेल तर बाळंतपणांची संख्या बघा.

जिल्ह्याचं स्त्री रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, महापालिकेचं प्रसूतिगृह इथे हात सगळ्यात लवकर तयार होतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर गेलात तरी चालेल, फक्त नेमणूक लेबर रूममध्येच मागा आणि मिळाल्यावर सोडू नका. स्त्री रुग्णालयात एका रात्रीत जितकं दिसतं तितकं छोट्या नर्सिंग होममध्ये महिन्याभरात दिसत नाही. राज्याच्या आरोग्य विभागात अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेची २५,५०० पासून. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरला त्याहून जास्त, ४४,९०० पासून, पण तिथली नॉरसेट परीक्षा देशभराची आणि नेमणूक कुठल्या वॉर्डात होईल ते तुमच्या हातात नाही.

उपकेंद्राचं काम वेगळं. साधारण ५ हजार लोकवस्ती, आदिवासी भागात ३ हजार, आणि त्यांची सिस्टर तुम्ही. लसीकरण, सर्वेक्षण, ऑनलाइन नोंदी यांतच दिवस जातो, बाळंतपणं त्या मानाने कमी. पण प्रत्येक गरोदर बाई तुम्हाला नावानिशी माहीत असते, तिची आधीची खेप कशी झाली तेही. हे सुख मोठ्या हॉस्पिटलात नाही. तिथे लागलात तर कुशल प्रसूती सहाय्यकाचं, म्हणजे एसबीएचं २१ दिवसांचं प्रशिक्षण मागून घ्या. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद हल्ली आकर्षक वाटतं. मान आहे, पैसे आहेत, मात्र काम बरंचसं बीपी-शुगरचं. बाळंतपणावर जीव असेल तर विचार करून जा.

खासगीत पगाराची तऱ्हा विचारू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान २० हजार द्यावेत अशी शिफारस केली होती. नेमणूकपत्र हातात घेताना तो आकडा डोक्यात असू द्या. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका. मी एका नर्सिंग होममध्ये ठेवली होती, “सगळ्यांचीच असतात” म्हणाले म्हणून. सोडायची वेळ आली तेव्हा ती परत मिळवायला तीन महिने खेटे घातले, आणि तेवढ्यात एका सरकारी भरतीची कागदपत्रं तपासणी निघून गेली.

पायरी सातवी : खरी मिडवाइफ, म्हणजे एनपीएम

सुरुवातीला म्हटलं ना, की वेगळा कोर्स नाही? बारावीनंतर नाही, पण नोकरीत आल्यावर आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी, म्हणजेच एनपीएम, हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाच्या निकषांवर तो बेतलेला आहे. जीएनएम किंवा बीएस्सी, चालू नोंदणी आणि बाळंतपणं करण्याचा २ वर्षांचा अनुभव लागतो. वरची पायरी मी का रेटत होते ते आता कळलं असेल. तेलंगणाने तर २०१७ मध्येच करीमनगरला सरकारी नर्सेसची तुकडी अशा प्रशिक्षणाला बसवली होती.

हे शिकलेल्या मिडवाइफनी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारातच वेगळा कक्ष चालवायचा, अशी कल्पना आहे. धोका नसलेल्या बाया तिथे, मिडवाइफच्या हाताखाली. काही बिघडलं तर डॉक्टर भिंतीपलीकडे. बाईला चालू-फिरू द्यायचं, उकिडवं किंवा कुशीवर बाळंत होऊ द्यायचं, कारण नसताना चिरा द्यायचा नाही. महाराष्ट्रात दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ९४.७ टक्क्यांवर गेलं, आणि त्याच पाहणीत सिझेरियन २५.४ टक्क्यांवर. राज्यातलं मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. बाया दवाखान्यात यायला लागल्या, वाचायला लागल्या. आल्यावर त्यांना नॉर्मल बाळंत होऊ देणारे हात मात्र पुरेसे नाहीत. एनपीएमची जागा तिथे आहे.

सरकारी नोकरीत असाल तर प्रशिक्षणाला नावं राज्य पाठवतं. परिपत्रक येतं आणि मेट्रनच्या टेबलावर दोन दिवसांत मुदत संपते, तेव्हा आपली इच्छा लेखी देऊन ठेवा. परत आल्यावर पुन्हा सर्जिकल वॉर्डला बदली, असंही घडतं. त्याविरुद्ध अर्ज करायची तयारी ठेवा, अर्जाला मूळ मार्गदर्शक तत्त्वांची प्रत जोडा.

घरी जाऊन स्वतंत्र बाळंतपणं करावीत का, असं शहरातल्या मुली विचारतात. माझं उत्तर नाही. जवळ रक्त नाही, ऑपरेशन थिएटर नाही, आणि काही झालं तर कायद्याने तुमच्या पाठीशी उभं राहील असं काही नाही.

शिकवायचं किंवा बाहेर जायचं असेल तर

शिकवायची आवड असेल तर बीएस्सीनंतर वर्षभर काम करून प्रसूती व स्त्रीरोग नर्सिंगमध्ये २ वर्षांचं एमएस्सी. जीएनएमवाल्यांनी मधे २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं. फक्त, पन्नास बाळंतपणं न करता शिकवायला उभ्या राहू नका; मुली पहिल्याच तासाला ओळखतात.

आखातात प्रसूती विभागाच्या स्टाफ नर्सला मागणी असते, पण परवान्याची परीक्षा आणि अनुभवाचा दाखला लागतो, आणि त्या दाखल्यावर “लेबर रूम” हे शब्द हवेत. नुसतं “स्टाफ नर्स” लिहून देतात आणि मग रडायची वेळ येते. ब्रिटनमध्ये नर्स आणि मिडवाइफ यांची नोंदणी वेगवेगळी. आपल्या आरएमवर तिथे सरळ मिडवाइफ होता येईल या भ्रमात बऱ्याच जणी जातात. वाट बहुतेक अशी: इंग्रजीची परीक्षा, कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग तिथली प्रात्यक्षिक परीक्षा देऊन नर्स म्हणून नोंदणी, काही वर्षं काम, आणि नंतर नर्सेससाठीचा छोटा मिडवाइफरी अभ्यासक्रम. एजंट यातलं शेवटचं वाक्य सांगत नाही.

यातल्या कुठल्याही वाटेला अभ्यासक्रमाच्या तासांचा तपशील, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट लागतं. कॉलेज सोडता सोडता त्याच्या चार-पाच सीलबंद प्रती काढून घ्या आणि केस बुकची प्रत्येक पानाची झेरॉक्सही. दहा वर्षांनी गरज पडते तेव्हा ट्रस्ट बदललेला असतो, प्राचार्या निवृत्त झालेल्या असतात आणि क्लार्क म्हणतो, “ताई, त्या वर्षाचं रेकॉर्ड गोडाऊनला आहे.”